हाक आणि ओ

"पेसमेकर हाय माय. हितं, डावीकडं, कातडीच्या खाली. वायर एकच, ती व्हेंट्रिकलमदी सोडल्याली. आन् सायबानं ईसीजी इचारला की म्हनायचं, व्हेंट्रिक्युलर पेसिंग, सगळे कॉम्प्लेक्स रुंद, लेफ्ट बंडलवानी. म्हन बरं एकदा."

"व्हेंट्रिक्युलर पेसिंग," मी म्हणाले, "सगळे कॉम्प्लेक्स रुंद."

"आन् लेफ्ट बंडलवानी."

"हो, लेफ्ट बंडलवानी."

"वानी नको म्हनू. मी म्हनलं तर चालतंय. तू डॉक्टर हायस."

तर हे आमचे आप्पा. रामलिंग आप्पा होनराव, उदगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातले, उभा जन्म पिठाची गिरणी चालवलेले. डोक्याला रुमाल, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि छातीत ते यंत्र. आणि फायनल एमबीबीएसला बसलेली मी, ॲप्रन घालून, त्यांच्या खाटेशी उभी राहून त्यांच्याचकडून त्यांचा आजार पाठ करत होते. हसू नका ना! तुम्हाला माहीत नाही, मेडिकलच्या प्रॅक्टिकलला खरीखुरी माणसं लागतात. माणूस तपासायचा आणि परीक्षकाला सांगायचं याला काय झालंय. मग असे चांगले, टिकाऊ आजार असलेले पेशंट दर वेळी कुठून आणणार? तर ते ठरलेले असतात. परीक्षा आली की कॉलेजातून फोन जातो, ते आधीच येऊन ॲडमिट होतात, चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, एसटीचं भाडं. आणि वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडून तेच तेच ऐकून त्यांना आपला आजार इंग्रजीतून पाठ झालेला असतो. कुणी परीक्षक पाठमोरा झाला की बारीक आवाजात सांगून मोकळे!

आप्पा तर त्यातले राजे होते. "आपल्या खाटेवर आजपातुर एक लेकरू नापास झालं न्हाई," हे ते प्रत्येक बॅचला सांगायचे. पेसमेकर बसवल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की गिरणीच्या मोटारीपाशी जायचं नाही, पोती उचलायची नाहीत. मुलाने गिरणी हातात घेतली आणि आप्पा घरी बसले. "घरी मला कुनी काय इचारत न्हाई," ते म्हणायचे. "हितं दाढीवाले सायब बी इचारतेत, आप्पा, कसं वाटतंय? बरं वाटतंय की वो!"

आणि मला आप्पा हवेच होते. दुसरं कुणी चालणार नव्हतं.

म्हणजे बघा, माझं बाकी सगळं ठीक होतं. पोट तपासायचे, फुप्फुस ऐकायचे, पण ईसीजीचा कागद समोर आला की संपलं. तो कागद मला लहान पोराच्या हातात पेन दिल्यासारखा दिसायचा. प्रीलिमला मी मेडिसिनमध्ये सपशेल आपटले होते. आमच्या पुंड मॅडम भर वॉर्डात म्हणाल्या होत्या, "तांदळे, तू पास झालीस तर पेढे मी वाटेन." सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबांनी गावात अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगी पुढच्या महिन्यात डॉक्टर. नापास झाले असते तर मी घरी गेलेच नसते, इतकं ठरवलेलं होतं.

आणि माझ्याबरोबर होती तब्बू. तबस्सुम तांबोळी. कॉलेजात रोल नंबर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून, त्यामुळे तांबोळी आणि तिच्या मागे तांदळे, पहिल्या वर्षापासून. ॲनाटॉमीला एकच टेबल, जर्नलला एकच बाक, हॉस्टेलला एकच खोली. सर रोल कॉल इतका भरभर घ्यायचे की 'तांबोळी-तांदळे' हे एकच नाव वाटायचं, आणि एक झोपलेली असली तर दुसरी दोन्ही आवाजांत हजेरी द्यायची. औशाची होती ती, वडिलांचं सायकलचं दुकान, आणि स्वभाव असा की हसवून हसवून जीव घ्यायची. पण ईसीजी? बापरे. दुसरे लोक मोबाइलवरचा मेसेज वाचतात ना, तशी ती ईसीजी वाचायची. सीनियर तिच्याकडे कागद घेऊन यायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं की आम्हा दोघींना आप्पांचीच खाट आली आहे. आधी तब्बू, मग मी. मी तर खोलीत नाचलेच. तब्बू म्हणाली, "नाचून झालं असेल तर चल, जेवता जेवता शिकवते."

"आता काय शिकायचं? आप्पांनी सांगितलंय सगळं."

"आप्पांनी उत्तर सांगितलंय. प्रश्न काय आहे ते तर बघशील?"

मेसमध्ये तिने ताट पालथं घातलं आणि चमचा घेतला. "हे बघ तांदळे. हृदयाची आपली वायरिंग बिघडली की वरून आलेला निरोप खाली पोचत नाही. मग पेसमेकर काय करतो? खालच्या कप्प्याला, म्हणजे व्हेंट्रिकलला, हाक मारतो. कागदावर एक बारीक उभी रेघ दिसते ना, स्पाइक, ती हाक. कप्प्याने ऐकली की लगेच तिच्या मागे एक रुंद, बेढब ठोका. तो ओ, त्यालाच कॅप्चर म्हणतात. हाक, ओ. हाक, ओ. मी चमचा मारते, तू ओ दे."

टण्.

"ओ."

टण्.

"ओ."

मेसच्या मावशी पोळ्या घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "काय गं, भजनी मंडळ काढलंय का?"

"हो मावशी, ही टाळ आणि मी मृदंग," तब्बू म्हणाली आणि परत माझ्याकडे वळली. "आता मी टण् केलं आणि तू ओच दिली नाहीस तर?"

"तर?"

"तर माणूस चक्कर येऊन पडेल. पेसमेकर हाका मारतोय, कुणी ऐकतच नाही. मग तो खालचा कप्पा वाट बघून बघून कधीतरी आपल्या मनानेच एक ठोका देईल, उशिरा, वेगळ्याच आकाराचा. आणि कधी कधी तो असा पिसाळतो की धडाधड एकामागून एक ठोके देत सुटतो, सगळे रुंद, वेडेवाकडे. ते दिसलं की विचार करत बसायचं नाही. ओरडायचं."

"आप्पांचं तर हाक-ओ, हाक-ओच आहे. मला कशाला हे?"

"बरोबर," ती म्हणाली, ताट सुलटं केलं आणि त्यात भात घेतला. "तुला कशाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलो तर बाहेरून आलेले परीक्षक, केंकरे सर, आधीच चिडलेले. झालं असं होतं की आप्पांच्या खाटेला दर वर्षी एक जुना ईसीजी टाचून ठेवलेला असायचा. तोच कागद, पोरांच्या बोटांनी कळकट झालेला, आणि सगळ्या बॅचेस तोच वाचून पास. केंकरे सरांनी तो दोन बोटांत धरला आणि पुंड मॅडमना म्हणाले, "हा भेळवाल्याला द्या. मुलं स्वतः ईसीजी काढतील, प्रत्येकाने आपापला, आणि माझ्यासमोर वाचतील."

मी तब्बूकडे बघितलं. तब्बूने माझा हात दाबला. "काय फरक पडतो? तारा लावायच्या, बटण दाबायचं. माणूस तोच आहे ना?"

ती आत गेली. मी वॉर्डाच्या दाराबाहेर, व्हेंट्रिक्युलर पेसिंग, व्हेंट्रिक्युलर पेसिंग, असं पुटपुटत. दाराच्या काचेतून अर्धवट दिसत होतं. आप्पा त्या दिवशी जरा वेगळेच वाटले, नेहमीसारखे बसलेले नव्हते, आडवे होते, आणि स्टुलावरचा चहा तसाच. तब्बू त्यांच्या छातीला रबरी फुगे लावत होती. आप्पांनी डबी बाजूला धरलेली. मशीनमधून कागद आला, तिने तो हातात घेतला आणि बघत राहिली. मग वाकून आप्पांशी काहीतरी बोलली. आप्पांनी मान हलवली. ती परत काहीतरी बोलली, जरा जास्त वेळ. आप्पांनी परत मान हलवली. मला वाटलं, आप्पा सांगतायत आणि ती ऐकतेय. मग केंकरे सर आले. ते तेव्हा पुंड मॅडमशी कशावरून तरी वाद घालत होते, कागदावर नुसती नजर टाकली, तब्बूचं घडाघडा बोलणं ऐकलं, "गुड, गुड," म्हणाले, कागद टेबलावर क्लिपला लावला आणि मार्क टाकले.

ती बाहेर आली. घाम फुटला होता तिला. मी म्हणाले, "काय गं? अवघड आहे?"

"काही नाही. जा. पाठ केलंयस तेच बोल. बाकी काही बघत बसू नकोस," ती म्हणाली. आणि मग, "लवकर आटप हं."

सगळे बाहेर आले की चहाच्या टेबलाकडे जायचे. ती भलतीकडेच गेली, आयसीयूच्या बाजूला, जवळजवळ पळतच. मला वाटलं, बाथरूमला.

मी आत गेले. "कसे आहात आप्पा?"

"बरा हाय. लाव की लवकर."

आवाज खोल गेलेला. मी तारा लावल्या, एक उलटी लावली, परत काढली, परत लावली. आप्पांचे हात गार होते. डबी त्यांनी उजव्या मुठीत घट्ट धरली होती. बटण दाबलं. खर्रर्र करत कागद आला. केंकरे सर खुर्ची ओढून समोर बसले. "येस, तांदळे. वाचा."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, 'व्हेंट्रिक्युलर' हा शब्द जिभेवर आला होता. पण कागद हातात होता आणि माझी नजर त्यावर पडली, आणि माझ्या कानात, काय सांगू तुम्हाला, माझ्या कानात ते ताट वाजलं. टण्, ओ. टण्, ओ. टण्... पुढे सपाट रेघ. टण्... परत सपाट. मग बऱ्याच वेळाने एकच ठोका, हाकेशिवायचा, आपला आपण आलेला, आकारच वेगळा. मग परत टण्, ओ.

जन्मात पहिल्यांदा मला ईसीजी दिसला. म्हणजे खरंच दिसला, कुणीतरी डोळ्यांवरचं फडकं काढावं तसा.

आणि त्याच वेळी मला टेबलावरचा तब्बूचा कागद दिसला. क्लिपला लावलेला, मार्क टाकलेला. घडी पडल्यामुळे त्याचं टोकच दिसत होतं, पण आताच तर काढलेला होता तो, याच माणसाचा. मी बोलले की ते हा कागद तपासणार. मग तो तपासणार. हे मला कळलं. नाही कळलं असं मी म्हणणार नाही.

"बोल की माय," आप्पा पुटपुटले. डोळे मिटलेलेच. "पाठ केलंयस की."

"आम्ही वाट बघतोय, तांदळे," केंकरे सर म्हणाले.

मशीन चालूच होतं, कागद अजून येतच होता. तेवढ्यात त्यावर ते आले. एक, मग लगेच दुसरा, तिसरा, रुंद, वेडेवाकडे, एकमेकांच्या अंगावर पडत. आप्पांची मूठ सैल झाली आणि डबी छातीवरून घरंगळली.

"सर, कॅप्चर होत नाहीये!" मी ओरडले. नुसती बोलले नाही, अक्षरशः ओरडले, अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "स्पाइक आहे पण कॅप्चर नाही, आणि हे बघा, व्हेंट्रिकलचे रन आहेत, सर, आप्पा गेले! आप्पा!"

केंकरे सर उठले ते खुर्ची पाडूनच. त्यांनी आप्पांची मान धरली, नाडी बघितली, पुंड मॅडमनी ऑक्सिजन ओढला. तो पिसाळलेला प्रकार आपोआप थांबला, आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय झालं? पोरगी पास हाय न्हवं?" आणि कुणी हाक मारायच्या आत ट्रॉली आलीसुद्धा. वॉर्डाच्या दारातून सिस्टर ढकलत आल्या, आणि आप्पांना घेऊन गेल्या. ट्रॉली इतक्या पटकन कशी आली, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. आमच्या हॉस्पिटलात, जिथे ट्रॉलीसाठी भांडावं लागतं!

नंतर जे व्हायचं ते झालं. केंकरे सरांनी माझा कागद टेबलावर ठेवला, मग क्लिप उघडली आणि तब्बूचा कागद काढून शेजारी ठेवला. दोन्ही अगदी एकसारखे. हाक, ओ, हाक, काहीच नाही.

"बोलवा तिला."

ती आली. मी तिथेच उभी होते, मला कुणी जा म्हटलंच नाही.

"मिस तांबोळी, हा तुम्ही काढलेला ईसीजी. इथे काय आहे?"

तिने कागदाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे. "स्पाइकनंतर कॅप्चर नाही, सर."

"मग मघाशी नॉर्मल पेसिंग काय म्हणून सांगितलंत?"

"नाही दिसलं, सर."

"दिसलं नाही? पेशंटला चक्कर येत होती, ते विचारलंत?"

"नाही विचारलं."

पुंड मॅडम मध्ये पडल्या, "सर, चांगली मुलगी आहे, आमची ईसीजीची—"

"चांगली असेल. उद्या ही एकटी कॅज्युअल्टीला बसेल, तेव्हा तुम्ही असाल का शेजारी सांगायला, की चांगली मुलगी आहे?" सरांनी मार्क खोडले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "वेल डन, तांदळे. डोळे उघडे ठेवलेत."

आता ऐका, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर या गोष्टीला अर्थ नाही. माझी मैत्रीण तिथे मान खाली घालून उभी होती, आणि मला आनंद झाला. तांबोळीला दिसलं नाही ते मला दिसलं! मला, तांदळेला! क्षणभर का होईना, पण झाला. आणि मग लगेच वाईट वाटलं, खूप वाटलं, पण आधी आनंद झाला.

आप्पा वाचले. वायर आतून तुटत आली होती. मुलगा लग्नाला गेला म्हणून आप्पांनी दोन दिवस गिरणी चालवली होती, पोती उचलली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. नवीन वायर टाकली. मी पास झाले. पुंड मॅडमनी खरंच पेढे वाटले. तब्बू मेडिसिनमध्ये नापास, सहा महिने मागे. बाकीच्या सगळ्यांची इंटर्नशिप सुरू झाली आणि ती त्याच खोलीत, त्याच पुस्तकांसमोर. तिच्या अब्बांचा फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलायची.

आणि मी काय करत होते? मी गोष्ट सांगत होते. कॅन्टीनमध्ये, ड्युटी रूममध्ये, जो भेटेल त्याला. केंकरे सरांची खुर्ची कशी पडली, मी कशी ओरडले. तब्बूच्या देखत सांगायचे हो! आणि ती हसायची. मी काही विसरले तर आठवण करून द्यायची, "अगं, ते डबीचं सांग ना, डबी कशी घरंगळली." एकदा कुणीतरी तिला विचारलंच, "पण तांबोळी, तुला कसं नाही दिसलं गं?" तर म्हणाली, "अरे, नंबरच वाढला होता चष्म्याचा." सगळे हसले. मीसुद्धा हसले.

सहा महिन्यांनी तिची परत परीक्षा होती. मी वॉर्डातून सुट्टी काढून तिला सोडायला गेले. ती आत गेली आणि मी बाहेर बाकाकडे वळले, तर तिथे आप्पा! रुमाल, डबी, मांडीवर कापडी पिशवी.

"आप्पा! तुम्ही? तुम्हाला तर आता बोलवत नाहीत ना परीक्षेला?"

"न्हाई बोलावत. धसका घेतला त्यांनी." आप्पा हसले. "मी आपला आलो. पोरीची परीक्षा हाय म्हनलं, हितं बसून ऱ्हावं."

"अहो, एवढ्या लांबून?"

"मंग? आपल्या खाटेवर एकच लेकरू नापास झालं. जीवाला लागतंय माय. भाकर गोड लागत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले. मोठ्या डॉक्टरसारखी, समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात? तुम्ही सांगितलं ते ती बोलली. नाही दिसलं तिला, होतं असं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "कुनाला दिसलं न्हाई?"

"तब्बूला."

"तिला दिसलं न्हाई?" आप्पा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "मी शब्द दिलता तिला. पर तू असं बोलायलीस तर मला ऱ्हावत न्हाई बग. कागद हातात घेतल्या घेतल्या तिचं तोंड पडलं. मला म्हनली, आप्पा, चक्कर येती का? मी म्हनलं, येती, कालपासून येती. म्हनली, वायर काम करंना झालीय, तुम्हाला आत्ताच्या आत्ता आत न्यावं लागतंय. मी म्हनलं, ने मंग."

"मग?"

"मंग ती दाराकडं बगितली. तू काचंतून बघत व्हतीस. म्हनली, आप्पा, पाच मिनिटं कळ काढचाल का? माझ्या मागं माझी मैत्रीन हाय. तुम्हाला नेलं तर तिला दुसरा पेशंट देतील. तिला फकस्त तुमचीच केस येती."

मी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"मी म्हनलं, काढतो की कळ. मला तर आनखी बरं वाटलं, आपल्यावाचून कुनाचं तरी अडायलंय." आप्पांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हनली, मी बाहीर जाऊन सिस्टरला ट्रॉली दाराशी लावायला सांगते, ती पाठ केल्यालं बोलली की लगीच तुम्हाला नेतील. गेली बी तशी पळत. पर ती म्हनली व्हती तू नुसतं पाठ केल्यालं बोलशील. तू तर वाचलीस! खरं वाचलीस!"

आप्पांच्या डोळ्यांत कौतुक होतं हो. कौतुक.

"मग तिने सरांना का नाही सांगितलं? एवढं बोलले ते तिला," मी म्हणाले.

"मी बी दवाखान्यात इचारलं की, भेटाया आली तवा. म्हनली, काय सांगू आप्पा? दिसत असून तुम्हाला ठिवलं, असं सांगू? तुमचा जीव गेला असता तर कुनासाठी ठिवलं म्हनून सांगू? मंग माझ्या हातावर हात मारून घेतला. तांदळेला सांगायचं न्हाई म्हनली. ती चांगली डॉक्टर व्हायलीय, तिला कशाला."

तुला कशाला. अगदी तसंच म्हणाली असेल ती, मला ऐकूच आलं. सहा महिने मी तिच्यासमोर बसून ती गोष्ट सांगितली होती. सहा महिने तिने मला डबीची आठवण करून दिली होती.

व्हरांड्याच्या पार टोकाला वॉर्डाचं दार उघडलं. तब्बू बाहेर आली. ॲप्रन काढून खांद्यावर टाकलेला, आणि लांबूनच कळत होतं काय झालंय ते, ती चालतच नव्हती, उड्या मारत होती. तिने इकडे तिकडे बघितलं, मग आम्ही दिसलो.

"तांदळे!" तिने हात वर केला. "ए तांदळे!"

मी उठून उभी राहिले. तोंड उघडलं. काही आलंच नाही.

"अगं तांदळे! ऐकू येत नाही का? ए!"

आप्पांनी कोपराने मला हळूच ढोसलं.

"ओ दे की माय," ते म्हणाले. "पोरगी कवाची हाक मारायलीय."